कागदावरचा उठाव : रबरी ठशांच्या भेटकार्डांचा आढावा

लग्नपत्रिका हातात आली की वाचण्याआधी आपण तिच्यावरून अंगठा फिरवतो. अक्षरे बोटाला लागली की पत्रिका भारीतली, हे घरात कोणाला सांगावे लागत नाही. छापखान्यात हा उठाव यंत्राने येतो. घरच्या टेबलावर तो एक रबरी ठसा, चिमूटभर भुकटी आणि मिनिटभराची उष्णता एवढ्या सामानात आणता येतो. अशी भेटकार्डे बनवणारी माणसे आज मुंबई-पुण्यात आहेत, नागपूर-कोल्हापुरात आहेत, न्यू जर्सीतही आहेत. त्यांचे हात तयार आहेत आणि सामानही पूर्वीपेक्षा सहज मिळते. तरी त्यांच्या दिवाळीच्या कार्डांवर पुष्कळदा परदेशी फुले, परदेशी झाडे आणि इंग्रजी शुभेच्छा दिसतात, कारण ठसे तिकडून आलेले असतात. या सगळ्या विषयाचा आढावा घेताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा याच ठिकाणी अडते. कार्ड आपले व्हायचे असेल तर आधी ठसा आपला व्हायला हवा, आणि तो करून देणारा कारागीर आपल्या तालुक्याच्या गावात बसलेला आहे.

आधी उठाव म्हणजे काय ते पाहू, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात कागदच दाबून वर उचलला जातो. नोटरीचा दाबशिक्का किंवा प्रमाणपत्राच्या कोपऱ्यातली रंगहीन मोहोर आठवा. तिथे शाई नसते. कागद दोन साच्यांमध्ये चेपला जातो आणि त्याच्या अंगावर आकृती उभी राहते. घरी हे करायचे तर पितळी किंवा प्लॅस्टिकचे कोरीव पान काचेवर ठेवून खालून उजेड देतात, त्यावर कागद पालथा धरतात आणि बोथट टोकाच्या सळईने कडा दाबत जातात. रुळांच्या मधून कागद ओढणारी छोटी हातयंत्रेही मिळतात. नक्षीदार प्लॅस्टिकच्या दोन पानांत कागद घालायचा आणि दांडा फिरवायचा. ही थंड पद्धत. तिचा उठाव देखणा असतो, पण टपालाच्या प्रवासात तो थोडा बसतो.

दुसरी पद्धत उष्णतेची, आणि रबरी ठशाशी तिचे नाते आहे. यात कागद जसा आहे तसाच राहतो. त्याच्यावर राळेसारख्या पदार्थाचा पातळ, कडक थर चढतो. ठसा ओल्या, चिकट शाईने उमटवायचा, त्यावर बारीक भुकटी पसरायची, जास्तीची भुकटी झटकून परत डबीत भरायची आणि उरलेल्या नक्षीला गरम हवा द्यायची. भुकटी वितळते, कणाला कण मिळतो आणि रेघ चकचकीत होऊन वर येते. वर्णन चार ओळींचे आहे, पण त्यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि कारण कळल्याशिवाय हात बसत नाही.

शाईपासून सुरुवात करू. कचेरीतल्या स्टॅम्प पॅडची शाई कागदात लगेच मुरावी म्हणूनच बनवलेली असते, नाहीतर पावतीवर फराटे उठतील. उठावाला नेमके उलटे हवे. शाई कागदाच्या पृष्ठभागावर ओली बसून राहिली पाहिजे, तरच भुकटी तिला धरेल. म्हणून पिगमेंट शाई किंवा खास एम्बॉसिंगची, म्हणजे उठावाची, जवळजवळ बिनरंगी शाई वापरतात. जपानच्या त्सुकिनेको कंपनीचा व्हर्सामार्क हा पॅड या कामात जगभर ओळखीचा आहे. अशा शायांत ग्लिसरीनसारखे सावकाश सुकणारे द्रव्य असते. शाई बिनरंगी असल्यामुळे रंग भुकटीचा दिसतो: सोनेरी, रुपेरी, तांबूस, पांढरा. भुकटी पारदर्शक असेल तर रंगीत पिगमेंट शाईवर ती काचेसारखी बसते आणि शाईचा रंग अधिक गडद दिसतो.

भुकटी म्हणजे उष्णतेने मऊ होणाऱ्या कृत्रिम राळेचे दाणे. दाणा जितका बारीक तितकी रेघ नाजूक. अक्षरांना आणि बारीक नक्षीला अगदी बारीक दाण्याची भुकटी हवी, भरीव आकृतीला साधी चालते, आणि जाड, चिनीमातीच्या लुकणासारखा थर हवा असेल तर मोठ्या दाण्याची भुकटी दोन-तीनदा वितळवतात. ती वितळायला साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. केस वाळवण्याच्या यंत्राची हवा तेवढी तापत नाही, आणि तिचा झोत इतका जोरकस असतो की भुकटी वितळण्याआधीच उडते. या कामासाठी मिळणाऱ्या हीट गनची हवा गरम जास्त आणि सौम्य असते. हार्डवेअरच्या दुकानातली हीट गन घेतली तर ती खालच्या टप्प्यावर ठेवून कागदापासून चांगली लांब धरावी. तिचा मूळ उपयोग जुना रंग खरवडण्यासाठी आहे, कागद ती क्षणात करपवते. हीट गन नव्हती त्या काळात परदेशातले छंदिष्ट विजेचा दिवा, टोस्टर किंवा तापलेली इस्त्री वापरत. इस्त्रीची युक्ती अजूनही चालते. इस्त्री पालथी पक्की बसवून कार्ड तिच्यावर थोडे अधांतरी धरायचे. उष्णता खालून येते, त्यामुळे भुकटी उडत नाही आणि कागदही कमी वाकतो.

वितळण्याचा क्षण डोळ्यांनी ओळखायचा असतो. आधी भुकटी मळकट, खरखरीत दिसते; मग एका टोकाला चमक येते आणि ती रेघेवरून सरकत जाते. चमक पुढे जाईल तशी हीट गन पुढे न्यायची. लाडवाचा पाक जसा नजर हलताच एकतारीवरून पुढे निघून जातो, तसेच इथे होते: थोडी उष्णता जास्त झाली की राळ कागदात मुरते, उठाव बसतो आणि रेघेभोवती तेलकट कडा दिसते. कमी पडली तर नक्षी वाळूसारखी लागते. कमी भाजलेली सुधारता येते, जास्त भाजलेली येत नाही. म्हणून थांबायला शिकणे हे या कामातले पहिले कौशल्य आहे.

आपल्या हवेबद्दल परदेशी पुस्तके काही सांगत नाहीत. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो आणि भुकटी नक्षी सोडून सगळीकडे चिकटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत कागदावर स्थिर वीज साठते आणि परिणाम तोच होतो: काळ्या कार्डावर सोनेरी धूळ. पहिल्या त्रासाला ठसा मारण्याआधी कागद हीट गनने सुकवून घेणे हा उपाय. दुसऱ्याला टाल्क पावडरची पुरचुंडी. मलमलीच्या फडक्यात थोडी पावडर बांधून कागदावरून हलकी फिरवायची. बोटांचा तेलकटपणा हे तिसरे कारण, म्हणून कार्ड कडेने धरावे. तरीही चुकार कण राहतातच. ते वितळण्याआधी कोरड्या, बारीक ब्रशने उचलायचे. वितळल्यावर काही करता येत नाही.

आता ही गोष्ट आली कुठून ते पाहू. रबराच्या ठशाची कथा चार्ल्स गुडइयरपासून सुरू होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. त्यात गंधक मिसळून तापवले की ते टिकाऊ आणि लवचीक होते, हे गुडइयरला १८३९ मध्ये सापडले. १८४४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. या व्हल्कनीकरणाचा एक मोठा उपयोग दातांच्या कवळ्या बनवण्यासाठी झाला, आणि दंतवैद्यांकडे त्यासाठी छोटी भांडी आली. १८६०च्या दशकात अशाच भांड्यांत अक्षरांचे साचे घालून रबरी ठसे निघू लागले. पहिला कोणी काढला, यावर अमेरिकेत बराच वाद झाला. न्यूयॉर्क राज्यातला वुडरफ आणि इलिनॉयमधला विदरेल हे दोघे मुख्य दावेदार. निकाल काहीही असो, पुढच्या शतकभर हा ठसा कचेरीचा झाला. 'मिळाले', 'जावक', 'खरी प्रत' यांसाठी.

कलावंतांनी तो कचेरीतून पळवला. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सने १९१९ च्या सुमारास ठशांची अक्षरे घेऊन चित्रे केली. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनभोवती १९६० च्या दशकात टपालातून कला पाठवणाऱ्यांचे जाळे उभे राहिले आणि पाकिटांवर हौशी शिक्के उमटू लागले. एर्वे फिशर या फ्रेंच कलावंताने १९७४ मध्ये कलावंतांच्या ठशांचे पुस्तकच काढले. १९७८ मध्ये अमेरिकेत 'द रबर स्टॅम्प अल्बम' आले, १९८० मध्ये 'रबरस्टॅम्पमॅडनेस' नावाचे नियतकालिक निघाले, आणि मग नुसत्या छंदासाठी ठसे बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९८८ मध्ये दोन बहिणींनी सुरू केलेली स्टँपिन अप ही घराघरांत कार्यशाळा घेऊन ठसे विकणारी कंपनी त्यातली ठळक. टपालाने कला पाठवणाऱ्यांचे काम स्वस्त, खोडकर आणि स्वतःचे होते. बाजाराने ते सुबक केले, शिकायला सोपे केले, आणि त्याच वेळी दर हंगामाला नवे संच घ्यायची सवय लावली. या व्यवहारात मिळाले तेवढे गमावलेही, असे मला वाटते.

भेटकार्ड याहून जुने. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि सामान्य माणसाला पत्र परवडू लागले. १८४३ मध्ये हेन्री कोलने चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सलीकडून नाताळचे कार्ड काढून घेतले. छापील नाताळ-कार्डांची सुरुवात तिथून मानतात. त्याच्याही आधी लंडनच्या डॉब्ससारख्या घराण्यांनी कागदावर थंड उठावाची अप्रतिम कामे केली होती. उठलेला भाग घासून काढला की तिथे भोक पडते आणि कागदाची लेस तयार होते; जोसेफ ॲडनब्रुकला ही युक्ती १८३४ मध्ये सुचल्याचे सांगतात. अशीच इंग्रजी लेसची कार्डे पाहून अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या एस्थर हाउलंडने १८४७ नंतर घरी मैत्रिणींना बसवून व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा उभारला. स्त्रियांनी घरबसल्या कार्डे करून विकण्याचा हा एक आरंभीचा आणि यशस्वी नमुना आहे. आज आपल्याकडे दिवाळीच्या प्रदर्शनांत टेबल मांडणाऱ्या स्त्रिया त्याच वाटेवर आहेत.

कागदी उठावाच्या इतिहासात मुंबई इलाख्याचाही एक धागा आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंधचे आयुक्त बार्टल फ्रियर यांनी 'सिंध डाक' हे अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. आशियातले हे पहिले टपाल तिकीट, आणि ते उठावाचे होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. पहिली तिकिटे लाल लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर दाबलेली होती. ती हाताळताना तुटत. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव आला, आणि त्यानंतर निळे तिकीट. पांढऱ्या कागदावरचा पांढरा उठाव दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही, ही अडचण तेव्हाही आली असणार. रंगहीन उठावाची कार्डे करणाऱ्याला ती आजही येते. ऑक्टोबर १८५४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली आणि सिंध डाक बंद झाले.

लग्नपत्रिकांवरच्या चकचकीत उठावाला छापखान्यात थर्मोग्राफी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती चालू आहे. ओल्या शाईवर राळेची भुकटी, मग भट्टीतून जाणारा पट्टा. घरची पद्धत ही याच प्रक्रियेची लहान आवृत्ती. म्हणजे मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर पत्रिका छापून देणारा माणूस आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कार्ड करणारी मुलगी एकच काम करत असतात. फरक इतकाच की मुलगी प्रत्येक ठसा हाताने उमटवते आणि म्हणून तिचे प्रत्येक कार्ड थोडे वेगळे निघते.

आता ठशाकडे येऊ. ठसा आपल्याला परका कधीच नव्हता. मराठेशाहीच्या कागदांवर माथ्याशी शिक्का आणि मजकूर संपल्यावर मोर्तबाची छोटी मुद्रा उमटे, म्हणजे खाली कोणी काही वाढवू नये. वैष्णव घरांत गोपीचंदनाच्या शंख-चक्र मुद्रा अंगावर उमटवतात. रांगोळीचे छाप दारोदार विकले जातात. आणि मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने भेंडी कापून तिच्या चकत्यांचे ठसे वहीत मारलेले आहेत. हे सगळे असताना घरगुती कार्डांसाठी आपल्या आकृत्यांचे, देवनागरी अक्षरांचे ठसे तयार मिळू नयेत, याची मला फार खंत वाटते. जे थोडे मिळतात त्यांत पणती, गणपती आणि मोर यांच्यापुढे जाणारे कमी, आणि अक्षर चांगले असलेले त्याहून कमी.

उपाय जवळ आहे. तहसील कचेरीच्या, कोर्टाच्या आसपास शिक्के बनवणारे दुकान असतेच. पूर्वी तिथे अक्षरांचे खिळे जुळवत, त्यांचा साचा घेत आणि साच्यावर कच्च्या रबराचा पत्रा ठेवून दाब-उष्णतेच्या यंत्रात तो शिजवत. आता बहुतेक ठिकाणी अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे पॉलिमर वापरतात किंवा लेझरने रबर कोरतात. या दुकानदाराला तुम्ही काळ्या शाईत काढलेले चित्र दिले तर तो तुमचा ठसा करून देतो. सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या. एक, आपोआप शाई लागणारा किंवा आत शाई भरलेला शिक्का नको; त्यांत कचेरीची झटपट सुकणारी शाई असते आणि उठाव येत नाही. साधा, लाकडी मुठीचा, कोरडा शिक्का हवा. दोन, रबर मिळत असेल तर रबरच घ्यावे. पारदर्शक पॉलिमरचे ठसे काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात, आकृती कुठे बसते ते आरपार दिसते, ही मोठी सोय आहे. पण ते उजेडात पिवळे पडतात, रासायनिक द्रावणाने पुसले तर बिघडतात. रबर वर्षानुवर्षे टिकते. दोन्ही ठसे काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून ठेवले तरच नंतर स्वच्छ उमटतात.

देवनागरीची म्हणून एक खास अडचण आहे. भुकटी वितळताना थोडी पसरते. रोमन लिपीत याने फार बिघडत नाही, पण आपल्या अक्षरांत बंदिस्त पोकळ्या खूप. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ भोवतालच्या जागेत विरघळली की तो 'व' होतो किंवा नुसता गोळा. 'ष'चा 'प' होतो. आता 'नववर्ष' हा शब्द प्रत्येक पाडव्याच्या कार्डावर येणार! म्हणून ठशासाठी अक्षर काढताना पोकळी मुद्दाम मोठी ठेवावी, जोडाक्षर शक्यतो उभे न रचता आडवे रचावे, आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ काढू नये. शिरोरेषा लांब आणि सरळ असल्याने हाताचा असमान दाब तिथे लगेच उघडा पडतो. एक टोक ठळक, दुसरे पुसट. कागदाखाली पातळ फोम किंवा संगणकाच्या माऊसखालचे रबरी पॅड ठेवले तर दाब सारखा बसतो. काही सुलेखनकार शिरोरेषा तोडतात किंवा गाळतात, आणि या माध्यमात ते शोभतेही. अनुस्वाराचा टिंब मात्र वितळून असा गोल, भरीव मणी होतो की छापील अक्षरात ते सौंदर्य दिसणार नाही. महाराष्ट्रात सुलेखनाची आवड असलेले इतके लोक आहेत. त्यांतल्या काहींनी शिक्केवाल्याच्या दुकानाची पायरी चढली तर दोन्ही कलांचे भले होईल.

हातातल्या खर्चात सुरुवात करायची तर खोडरबर कोरावे. पांढऱ्या मोठ्या खोडरबरावर पेन्सिलीच्या चित्राचा कागद पालथा घासला की उलटी आकृती आपोआप उतरते, आणि अक्षर सुलटे उमटायला ते उलटेच कोरावे लागते. कटरने रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिरका छेद द्यायचा. ठसा वापरताना झिजतो, पण शंभरेक कार्डे सहज होतात.

कागदाबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही महाराष्ट्रातल्या हातकागदाची जुनी नावे. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. चिंध्यांपासून केलेला हा कागद लांब धाग्यांचा, मजबूत असतो. थंड उठावासाठी तो सर्वोत्तम, कारण दाबला तरी धागे तुटत नाहीत. उष्ण उठावात त्याच्या खडबडीत अंगावर ठशाची रेघ तुटते. म्हणून हातकागदावर भरीव, ठसठशीत आकृत्या घ्याव्या आणि बारीक अक्षरे गुळगुळीत कार्डपेपरवर उमटवून तो तुकडा हातकागदावर डकवावा. कार्डपेपर २५० जीएसएमच्या आसपासचा असला की उष्णतेने फारसा वाकत नाही. वाकलाच तर गरम असतानाच उलट बाजूने हवा द्यावी आणि जड पुस्तकाखाली ठेवावा. गडद निळ्या, काळ्या किंवा किरमिजी कागदावर पांढरी भुकटी फार सुंदर दिसते. पांढऱ्या कागदावर पांढरी भुकटी वितळवून वरून जलरंग फिरवला की राळेवर रंग बसत नाही आणि नक्षी कोरी राहते. बाटिकमध्ये मेण जे करते तेच इथे राळ करते. मुलांना सगळ्यात आवडतो तो हा भाग, पण हीट गन मोठ्याच्याच हातात असावी आणि खिडकी उघडी.

आक्षेपही आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ही भुकटी म्हणजे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कणच. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले आणि सुटी चमकी त्यात अडकली. उठावाची भुकटी वितळून एकसंध थर होते, चमकीसारखी झडत नाही, हे तिच्या बाजूचे. पण झटकताना सांडलेली भुकटी नळाखाली धुऊन टाकली तर ती चमकीइतकीच वाईट. खाली घडी घातलेला कागद ठेवून तिचा कण न् कण डबीत परत भरावा, उरलेली ओल्या फडक्याने पुसून कचऱ्यात टाकावी. कार्डभर थर देण्यापेक्षा दोन रेघा उठावाच्या ठेवाव्या. डोळ्यालाही तेच बरे दिसते. सगळेच उठले की काहीच उठत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परदेशी संच, शेकडो शाया, कापायची यंत्रे, ठसा जागच्या जागी पुन्हा मारायची मिस्टीसारखी साधने यांत माणूस गुंतत जातो आणि कार्ड पाठवायचे राहून जाते. माझे मत असे की एक एम्बॉसिंग पॅड, सोनेरी आणि पांढरी भुकटी, एक हीट गन आणि स्वतःचे चार ठसे यांवर कितीतरी वर्षे काढता येतात.

आपल्याकडे या कार्डांचा सगळ्यात जवळचा सण संक्रांत. तिळगूळ आणि हलव्याचे दाणे पाकिटात घालून छोट्या कार्डासह टपालाने पाठवण्याची पद्धत मराठी घरांत होती. दूरच्या मामाकडे, बदलीच्या गावी गेलेल्या शेजाऱ्यांकडे अशी पाकिटे जात. ती कार्डे लहान असत, आणि त्यामागे हिशेब होता. साध्या पत्राला पाच रुपयांत वीस ग्रॅमची मर्यादा. २५० जीएसएमचा ए-४ कागद दुमडून कार्ड केले तर नुसता कागदच साडेपंधरा ग्रॅमचा होतो. पाकीट धरून वजन मर्यादेबाहेर जाते. त्याच्या अर्ध्या आकाराचा कागद दुमडला तर आठ ग्रॅमच्या आत काम होते आणि पाकिटासह हलव्याच्या दोन-चार दाण्यांना जागा उरते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावे, तिथे चौरस किंवा फुगीर पाकिटाला जादा तिकीट लागते, कारण ते यंत्रातून जात नाही. त्यांच्याकडे एक चांगली सोय २०१६ पासून आहे: तिथल्या टपाल खात्याने दिवाळीचे तिकीट काढले. पाकीट पाठवण्याआधी उठावावर पातळ कागदाचे पान ठेवावे. मुंबईच्या उन्हात तापलेल्या टपालपेटीत दोन कार्डे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून.

कार्डे विकणाऱ्यांपुढे हक्काचा प्रश्न येतो. परदेशी कंपनीच्या ठशावर त्या कंपनीचा कलाहक्क असतो. त्यांतल्या अनेक कंपन्या 'एंजल पॉलिसी' नावाची सवलत देतात: हाताने उमटवलेली कार्डे स्वतः विकता येतात, पण त्यांची यांत्रिक छपाई करता येत नाही. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, म्हणून विकण्याआधी वाचायला हव्या. वारली आकृत्यांचे तयार ठसे सर्रास वापरले जातात, तिथे प्रश्न कायद्याइतकाच सौजन्याचा आहे. डहाणू-तलासरीच्या चित्रकाराकडून आकृती काढून घ्यावी, तिचे पैसे द्यावे, कार्डाच्या मागे त्याचे नाव घालावे. स्वतः काढलेल्या ठशाला यांतले काहीच आडवे येत नाही, आणि प्रदर्शनात असेच टेबल वेगळे उठून दिसते.

शेवटचा मुद्दा दृष्टिहीन मित्रांना कार्ड पाठवण्याचा. उठाव बोटांसाठी असेल तर ते कार्ड त्यांना सगळ्यांआधी पोहोचायला हवे. व्हॅलेंटिन आउईने १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये साध्या अक्षरांनाच उठाव देऊन अंधांसाठी पुस्तके केली. बोटाला ती अक्षरे ओळखणे जड जाई. आउईने काढलेल्या अंधांच्या शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने सहा टिंबांची लिपी बनवली आणि ती १८२९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. भुकटीने ब्रेल करण्याचा मोह होतो, पण वितळलेल्या टिंबांची उंची सारखी राहत नाही आणि वाचणारे बोट अडखळते. त्यासाठी ब्रेलची पाटी आणि टोचणीच हवी. कागद मागून, उजवीकडून डावीकडे टोचत जायचे. मराठीसाठी भारती ब्रेल आहे आणि तिचा तक्ता शिकायला फार वेळ लागत नाही. पणतीची रेघ भुकटीची, तिच्या खाली शुभेच्छा ब्रेलमध्ये. रेघ मोठी, मोकळी आणि एकाच आकृतीची ठेवावी. गर्दीची नक्षी बोटाला नुसता खडबडीतपणा वाटते. असे कार्ड करताना मधे मधे डोळे मिटून त्यावरून बोट फिरवावे, म्हणजे कोणती रेघ ठेवायची आणि कोणती काढायची ते लगेच ठरवता येते.